मुठीचा इशारा

"बाळाला नका घेऊ. डिझेलचा वास येतो तुमच्या हातांना."

भावजय कोरीन हे हसतहसत, पाहुण्यांच्या देखत म्हणाली, आणि मर्नाचे पुढे झालेले हात तसेच अधांतरी राहिले... भावाच्या लेकीचा पहिला वाढदिवस, आणि आत्याला पायपुसण्याची जागा! घरून निघताना तिने दोनदा हात घासले होते. पण वास डिझेलचा नव्हताच, हे तिला ठाऊक होतं. कोरीनच्या वडिलांचा, ऑर्विलचा, एक पाय मर्नाच्या ट्रकपायी गेला होता.

त्या हिवाळ्यात तेलविहिरीवरची रिग, म्हणजे खोदाईची यंत्रं, हलवताना मर्ना ती दोराने उचलणारा विंचचा ट्रक चालवत होती. खाली उभं राहून हात दाखवायचं काम धाकट्या भावाचं, डॅरिलचं. चालकाला धुडापलीकडचं दिसत नाही, त्याने त्या हातावर विसंबायचं. डॅरिलने 'उचल' म्हणून हात फिरवला, तिने पंपाचं धूड उचललं... आणि पलीकडे ऑर्विल अजून साखळी सोडवत होता. चौकशीत ती म्हणाली, "मी इशाऱ्याची वाट पाहिली नाही." डॅरिलचं कोरीनशी लग्न ठरलं होतं. आईमागे ज्याला घास भरवून वाढवलं, त्याचा संसार मांडण्याआधीच मोडायचा? तो मांडला गेला. तिचा ट्रक तेवढा सुटला. आता ती दुसऱ्यांच्या अवजड ट्रकांपुढे पिवळा दिवा लावून, समोरच्यांना सावध करत छोटी गाडी हाकते.

"निघते मी."

"पेरोगी तरी खाऊन जा," बशीतल्या उकडलेल्या करंज्यांवरची नजर न उचलता डॅरिल पुटपुटला.

"माझ्या वाट्याच्या तूच खा. तुला पचतात."

अंगणात बर्फ साचलं होतं. गाडी मागे घेताना आरशात तिला ऑर्विल दिसला, कुबडीवर रेललेला, एक मूठ उंच धरलेला. मूठ म्हणजे थांब. आणि थांबायचा इशारा कुणीही देवो, चालकाने थांबायचं असतं. ती थांबली.

बाळाला कडेवर घेऊन कोरीन धावत आली, तिच्यामागे डॅरिल.

"बाबा, पडाल. आत चला."

"त्या दिवशी हिने इशारा पाहूनच उचललं, पोरी. हात तुझ्या नवऱ्याचा होता. नजर तुझ्याकडे होती. तू कॉफी घेऊन आली होतीस. मी ओरडलो, पण इंजिनापुढे कोण ऐकतंय? दोन्ही हातांत साखळी होती माझ्या... मूठ वर करता आली नाही."

"आणि आजवर गप्प बसलात?"

"हिने तुमच्या संसारासाठी तोंड मिटलं. मी हिच्या आडोशाने मिटलं. आज तू हिचे हात नाकारलेस, आणि मला माझ्या जेवणाची चव लागेना."

कोरीनने डॅरिलकडे पाहिलं. तो नाही म्हणाला नाही.

तिने गाडीचं दार उघडलं आणि बाळ मर्नाच्या मांडीवर ठेवलं. "घ्या," तिचा आवाज फाटला, "आणि चला आत. हा मात्र माझ्या घरात नको."

किती वर्षं मर्नाने या एका क्षणाची आस धरली होती... आणि तो आला तो असा, तिने स्वतःला जाळून उबवलेलं घर विझवत! ओळख नसलेल्या कुशीत बाळ रडायला लागलं, आणि त्याने इवले हात पसरले ते बापाकडे.

मर्ना खाली उतरली. बर्फ तुडवत डॅरिलपाशी गेली आणि लेक त्याच्या हातांत दिली.

"मर्ना, मी..."

"नंतर. तिला थंडी वाजतेय, आत ने. आणि दार लावू नकोस. तुझ्या सासऱ्याला घेऊन मी येतेय."