तीन हजार वर्षं उशिरा आलेला पाहुणा

सकाळी सुमेधामावशीच्या उत्खननाच्या खड्ड्यात एक परग्रहवासी उभा होता. हे नियमाविरुद्ध होतं. खड्ड्यात चपला घालून उतरायचं नसतं, आणि त्याला तर पायच सहा.

"कृपया लक्ष द्या," तो म्हणाला. पृथ्वीजवळ आल्यावर एसटी स्टँडवरच्या घोषणा ऐकून तो मराठी शिकला होता. "इथलं गाव कुठे गेलं?"

त्यानं हवेत एक चित्र उमटवलं. टेकाड आमचंच, पण वर मातीची गोल घरं, चुलींचा धूर आणि अंगणात एक मुलगी, आकाशाकडे बघून हात हलवणारी.

"दुर्बिणीतून बघताना हिनं मला हात केला. उत्तर द्यायला लगेच निघालो. आखूडवाटेनं (अवकाशाला घडी घालून काढलेल्या बोगद्यानं) आलो. वाटेत चहालासुद्धा थांबलो नाही."

"पर्णे, घर किती लांब आहे विचार त्याला," खुरपी न थांबवता मावशी मला म्हणाली.

"तीन हजार प्रकाशवर्षं (प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष)," त्यानंच सांगितलं.

"मग बरोबर!" मावशी म्हणाली. "अरे, एखाद्या वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यांत शिरला की ती दिसते. या अंगणातून निघालेला प्रकाश तुझ्या दुर्बिणीत पोचायला तीन हजार वर्षं लागली. तू पाहिलंस ते तेव्हाचं गाव."

"आपण सूर्यसुद्धा आठ मिनिटांपूर्वीचा बघतो," मी त्याला धीर दिला. त्याला धीर आला नाही.

"मी पर्यटक आहे, शास्त्रज्ञ नाही," म्हणत तो मटकन बसला. "तिला वाटलं असेल, मी शिष्ट आहे."

मावशीनं खुरपी ठेवली. "इकडे ये. चपला काढून."

यात बराच वेळ गेला.

कोपऱ्यात मातीची फुटकी कणगी (धान्याची मोठी कोठी) होती. तिच्यावर छोटासा पंजा उमटला होता. माती ओली असताना कुणीतरी टेकवलेला.

"तू लांब बघून जुना काळ पाहतोस, मी खोल खणून," मावशी म्हणाली. "हा तिचाच, असं सांगता यायचं नाही. पण याच गावातल्या, त्याच काळातल्या लहान मुलाचा नक्की आहे."

त्यानं अकरा बोटांचा हात पंजासमोर धरला. हात लावला नाही. शेजारची 'हात लावू नये' ही पाटी त्याला वाचता आली. मग तो हात हळूच हलवला.

"जातो," तो म्हणाला.

"जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं."

"येतो," म्हणून तो परत खाली बसला. त्याला समजावता समजावता जेवणाची वेळ झाली.

तो निघताना मी टेकाडावर चढून जोरजोरात हात हलवला. "तुमच्या दुर्बिणीत हे तीन हजार वर्षांनी दिसेल!"

"मग उत्तर आत्ताच देऊन ठेवतो," तो म्हणाला आणि त्यानं असतील नसतील ते सगळे हात हलवले.

संध्याकाळच्या चहापर्यंत माझा हलणारा हात प्रकाशाबरोबर शनीला मागे टाकून पुढे गेला होता.