गुलाबी कोट आणि दहा ओळी

परदेशातल्या सहलीचा नववा दिवस विश्रांतीचा होता. बाकीची मंडळी हॉटेलात लोळत पडली होती, आणि बाई मात्र मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन धुलाईच्या दुकानात बसली होती. बाई म्हणजे तिसरीची वर्गशिक्षिका. वय अवघं सत्तावीस, पण शाळेतलं नाव घरीदारी चिकटलं ते चिकटलंच.

शेजारशेजारच्या दोन मशिनांत घोटाळा झाला. लाल ओढणी तिने आपल्याच मशिनात म्हणून कोंबली, ती गेली पलीकडच्यात. मशीन थांबल्यावर दार उघडते तो काय... कुणाचे तरी सहा पांढरे कोट मस्त गुलाबी झालेले! इकडेतिकडे बघत तिने ओढणी काढली, पिशवीत दडवली आणि साळसूदपणे मासिक चाळत बसली.

कोटांचा मालक आला. उंच, चष्मेवाला, शर्टाचं बटण भलत्याच काजात. कोटांकडे बघतच राहिला. मग इंग्रजीत त्याने तिला विचारलं, "यात दुसरं काही होतं का?"

तिने मान हलवली... नाही.

दुकान सांभाळणाऱ्या मावशी धावत आल्या. आपलीच चूक समजून बिचाऱ्या त्याची माफी मागू लागल्या. बाईला त्यांची भाषा कळत नव्हती, पण खाली गेलेली मान कळत होती.

तेवढ्यात तिच्या ताईचा फोन आला.

"ताई, माती खाल्ली गं मी," ती मोकळ्या आवाजात म्हणाली. इथे मराठी कुणाला कळतंय? "माझ्या ओढणीने एकाच्या कोटांची वाट लागली... छे, सांगितलं नाही. बावळट दिसतोय, कळायचं नाही त्याला. पण माफी दुकानातल्या मावशी मागतायत गं. पोरांकडून दहा-दहा वेळा लिहून घेते, 'मी खोटं बोलणार नाही', आणि मी ही अशी..."

फोन ठेवला तेव्हा तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. ती उठली, ओढणी बाहेर काढून आधी मावशींसमोर धरली, स्वतःकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. मग त्याच्याकडे वळली. "सॉरी... माय... माय..."

"ओढणीच म्हणा," तो मराठीत म्हणाला. "बावळट असलो तरी कळतं."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं तिला.

"तुम्ही... सगळं ऐकलंत?"

"सगळं. शिवाय पिशवी मघापासून ठिबकतेय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगता का, बघत होतो."

त्याने मावशींना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्या हसल्या, तशी बाईच्या जिवात जीव आला.

"मी लहान मुलांचे दात बघतो," तो म्हणाला. "गुलाबी कोटाला पोरं कमी घाबरतील. पण शिक्षा तर हवीच... दहा ओळी?"

घरी पाठवायला घेतलेलं पोस्टकार्ड तिने काढलं. नऊ ओळी खाली मान घालून लिहिल्या. दहावीला पेन अडलं... मग झरझर लिहून कार्ड त्याच्या हातात दिलं, आणि ती पाठमोरी होऊन कपड्यांच्या घड्या घालू लागली.

दहावी ओळ होती – 'तुम्ही बावळट दिसत नाही. मुळीच नाही.' खाली फोन नंबर.

"हे खरं?" त्याने हळूच विचारलं.

ती वळली नाही. कान मात्र ओढणीसारखे लाल झाले होते.

"वर नऊ वेळा लिहून दिलंय ना..."