मोहरी रंगाची शाल

बारा मेच्या सकाळी आम्ही सात-दहाच्या गाडीने व्हेर्चेल्लीहून निघालो. चर्चची सहल होती. फादर एवाझियोंनी आस्तीपर्यंत रेल्वे आणि पुढे डोंगरातली गावं बघायला बस ठरवली होती. माझी धाकटी बहीण डेल्फिना चेरी लावलेली हॅट घालून आली होती. मी मोहरी रंगाची शाल घेतली होती, मीच विणलेली. एक कोपरा उंदरांनी कुरतडल्यावर तिथे लाल लोकर भरली होती.

वाटेत दिसेल ती पाटी मी मोठ्याने वाचत होते.

"ताई, पुरे," डेल्फिना म्हणाली. "साठीला वाचायला शिकलीस म्हणून सगळ्या डब्याला ऐकवणार का?"

"वाचू दे गं," समोरून क्लेलिया म्हणाली. ही आमची शेजारीण, एकटीच राहायची. "निदान आस्तीची पाटी चुकून आपण पुढे तरी जाणार नाही."

आस्तीत मनोरे बघितले. मग बसने दोन गावं केली, दुसऱ्या गावात चौकातल्या बाकावर उकडलेली अंडी आणि सलामी सॉसेजचे काप खाल्ले. चारच्या सुमारास डोंगरावरच्या मादोन्ना मातेच्या देवळात पोचलो. वर वारा बोचरा होता.

तिथली एक भिंत नवसाच्या पाट्यांनी भरली आहे. जीवघेण्या प्रसंगातून वाचलेली माणसं तो प्रसंग रंगवून मादोन्नाला वाहतात. बैलगाडीखाली आलेला माणूस, विहिरीत पडलेलं पोर. मी एकेक तारीख वाचत सरकत होते. एका पाटीवर लिहिलं होतं, बारा मे. वर्षाचा आकडा चौकटीखाली गेला होता.

चित्रात रेल्वेचं फाटक होतं, एक निळी बस आडवी झालेली, गाडी थांबलेली. रुळांशी एक बाई पडली होती. अंगावर मोहरी रंगाची शाल. एका कोपऱ्याला लाल रंग.

मी माझ्या शालीचा कोपरा हातात घेतला. पुढे चित्राकडे बघितलं नाही.

फादर दाराशी होते. "फादर, एका चित्रात मीच आहे. मेलेली."

त्यांनी माझा हात थोपटला. "ऑर्तेन्सिया, ही चित्रं होऊन गेलेल्या गोष्टींची. आभार कोणी आधी मानतं का?"

बाकीचे ऐकून हसले. आमची बस निळीच होती. पण ते बोलायला माझी जीभ रेटली नाही. मी डेल्फिनाला बाजूला घेतलं.

"आपण खालच्या स्टेशनवरून गाडीने आस्तीला जाऊ."

"एवढा उतार? माझे गुडघे तू देणार का बदलून?"

"मला बसमध्ये मळमळतंय."

"तीन अंडी कोणी खायला सांगितली होती?" ती चिडली, पण आली.

बसच्या दाराशी क्लेलिया कुडकुडत उभी होती. बाह्या आखूड होत्या तिच्या. मी शाल काढून तिच्या खांद्यांवर टाकली.

"अगं, तुला?"

"मला उकडतंय. ठेव तुलाच. परत नको."

"ऐकलंत का? ऑर्तेन्सियाने काहीतरी फुकट दिलं!" ती बसमध्ये ओरडली आणि खिडकीतून हात हलवत गेली.

मला ती शाल अंगावर नको होती, एवढंच. पुढचा विचार मी केला नाही. कोणी विचारलं तर मी अजून हेच सांगते.

गाडीत आम्हाला खिडकी मिळाली. डेल्फिनाने बूट काढले आणि मला शिव्या घालत राहिली. बाहेर द्राक्षमळे, ऊन तिरपं झालेलं. मला बरं वाटू लागलं होतं.

मग ब्रेक लागले. दणका बसला. डेल्फिना माझ्या अंगावर आली.

मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

बस फाटकात आडवी झाली होती. ती तिथे कशी अडकली, ते पुढेही कोणाला नीट सांगता आलं नाही. माणसं बांधावर बसली होती. फादर अनवाणी उभे होते. माणसं मोजत होते, पुन्हा मोजत होते.

रुळांशी एकच जण पडलं होतं.

मोहरी रंग लांबून दिसतो.

सप्टेंबरात मी एकटीच त्या देवळात गेले. पाटी तिथेच होती. मी देवळाच्या राखणदाराला विचारलं, ही कोणी वाहिली?

"माझ्या वडिलांच्याही आधीपासून आहे," तो म्हणाला. "नाव नाही त्यावर."

"बाई तर मेलीय. मग आभार कसले?"

त्याने पाटी खिळ्यावरून काढली, बाहीने पुसली आणि दाराच्या उजेडात धरली.

"आभार तिचे नाहीत. हे बघा, गाडीच्या खिडकीत दोघी आहेत. त्या वाचल्या." त्याने नख ठेवलं. एकीच्या हॅटवर लाल ठिपके होते. दुसरी बाहेर वाकून बघत होती.

"हिला नीट बघा," तो म्हणाला. "खांद्यांवर काहीच नाही. मे महिन्यात या डोंगरावर बिनशालीची कोण येते?"