चौथ्या वाटेचं भोक

"हे मी केलेलं नाही," गॅरेजवाल्यांची धाकटी म्हणाली आणि तिने इंजिनाचं हेड आत्याच्या टेबलावर ठेवलं.

लोकांनी लपवलेलं शोधून काढणं हा आत्याचा धंदा, आणि पिशवी धरून तिच्यामागे फिरणं हा भाच्याचा. भाच्याला दिसला तो ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्यातल्या चार वाटांनी हवा आणि पेट्रोल आत जातं. त्या कोरून मोठ्या केल्या की गाडी जोरात पळते, असं धाकटीने समजावलं. चौथ्या वाटेची भिंत आरपार फुटली होती.

"रविवारी शर्यत आहे. दादा म्हणतो, तुझ्या हाताला वळण नाही, यापुढे ग्राइंडरला हात लावायचा नाही."

"तीन वाटा खडबडीत, चौथी अर्धी चकचकीत," आत्या म्हणाली. "चल, गॅरेज बघू."

धाकटीची ग्राइंडरला लावायची रुंद दातांची बिटं रॉकेलच्या डबीत स्वच्छ पडली होती. कचऱ्यात मात्र आत्याला एक बारीक दातांचं बिट सापडलं. त्याचे दात ॲल्युमिनियमने बुजले होते.

"हे लोखंड कोरायचं बिट," धाकटी म्हणाली. "मऊ धातूत ते बुजतं आणि उड्या मारतं."

दादा घुश्शातच होता. "तिचाच हात घसरला."

"बाकीच्या वाटा खडबडीत कशा?"

"तशाच ठेवायच्या असतात. गुळगुळीत केल्या तर पेट्रोल भिंतीला चिकटतं. मीच शिकवलंय तिला."

बाबांचा जन्म ट्रकच्या लोखंडी इंजिनांत गेला होता. ते पाना पुसत बसले होते. "मी त्या नाजूक कामात पडत नाही. पोरगी गुणाची आहे हो. काम जरा अर्धवट टाकते, एवढंच. लोक हसतील तिला."

भाच्याने आत्याला बाजूला घेतलं. "दादाच. बहिणीचा पत्ता कापायचाय त्याला."

"तुझं डोकं बुजलंय, त्या बिटासारखं," आत्या म्हणाली आणि तिने सगळ्यांना बोलावलं.

"ज्याला नासधूस करायची, तो आधी भिंत घासून चकचकीत करत बसेल का? हे मदतीचं काम आहे. धाकटी आणि दादा दोघांनाही ठाऊक आहे की ही वाट खडबडीत ठेवायची. ते घासणार नाहीत. बिटही लोखंड कोरायचं. म्हणजे हात लोखंडाला सरावलेला, आणि खडबडीत भिंत बघून काम अर्धवट राहिलंय असं वाटणारा. बाबा, अर्धवट हा शब्द तुमचाच."

बाबांनी पाना खाली ठेवला.

"बिट अडकलं, म्हणून जोर दिला," ते म्हणाले. "मग तोंडच उघडेना. तिला बोलणी बसत होती आणि मी ऐकत होतो. लाज वाटते मला."

धाकटीला राग आला, पण तो टिकेना. "वेल्डिंगने भरता येईल, बाबा. परत कोरलं की झालं."

"आण इकडे, मी कोरतो," दादा ओशाळून म्हणाला.

"तू वेल्डिंगवाल्याला घेऊन ये," बाबा म्हणाले. "कोरणार तीच. मी बॅटरीचा उजेड धरतो."