काशीच्या मापाचा पुतळा

दिवाळी उलटून हवेत गारवा आला होता, तेव्हाची ही गोष्ट. रेवदंड्याची गोदावरी मुंबईच्या बोटीने आलेलं एक खोकं उतरवून घ्यायला सदा गाडीवानाबरोबर रेवसच्या धक्क्यावर गेली. तिचे यजमान दत्तात्रेय मुंबईत कारकून. विलायतेला परतणाऱ्या कुणा मडमेच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांना बायकोच्या कामाची वस्तू मिळाली होती. लेकीचं, काशीचं, लग्न माघात ठरलेलं. तिची झंपरं गोदावरी घरीच शिवणार होती.

खोक्यातून निघाला तो बाईचा पुतळा. मानेपासून मांड्यांपर्यंतचं नुसतं धड, वर करडं कापड ताणलेलं, खाली लोखंडी तिवई. गळ्याशी, छातीशी, कमरेशी पितळी पेच होते. चावी घालून पेच फिरवला की धडाच्या फाकी सरकत आणि पुतळा हवा तेवढा जाड-बारीक होई.

"हे कसलं उभं करून ठेवलंयस घरात?" थोरल्या नणंदेने, चंद्राबाईंनी विचारलं. वैधव्य आल्यापासून त्या माहेरीच असत.

"मापाला आहे, वन्सं. पोरीला सारखं ताटकळत ठेवायला नको."

चंद्राबाई जवळ गेल्या आणि नाकाला पदर लावून मागे सरल्या. गोदावरीलाही तो वास आला होता. दारं लावून कुणी फार दिवस आजारी पडून राहावं, तसा अंगाचा वास.

माजघरात खिडकीपाशी पुतळा उभा राहिला. काशीची मापं घेऊन गोदावरीने पेच बसवले आणि शिवायला घेतलं. पहिलं झंपर पुतळ्यावर असं चपखल बसलं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. काशीने ते अंगात घातलं आणि हसत सुटली.

"आई, हे तुझ्यासाठी शिवलंस की काय गं?"

झंपर अंगावर लोंबत होतं. गोदावरीने पुन्हा टेप लावली. काशीची कंबर उतरली होती. मग पुतळ्याला लावली, तर तो भरला होता. पेचांना कुणी हात लावला नव्हता. आपलंच काही चुकलं म्हणून तिने काशीच्या नव्या मापाला पुतळा आवळला. त्या दुपारी काशी ताटावरून उठून गेली. बरगड्यांत चमक भरली म्हणाली. दोन्हींचा संबंध तेव्हा कुणाच्या मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी पुतळा पुन्हा भरलेला होता.

पुढे काशी झडतच गेली. खायची नीट, पण अंगी लागायचं नाही. गळ्याची हाडं वर आली. वैद्यांनी काढे दिले, चंद्राबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. इकडे पुतळ्याचं कापड मात्र तुकतुकीत दिसू लागलं. एकदा गोदावरीने सहज त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. कापड ऊबदार होतं. आणि त्याला आता शिकेकाईचा वास येत होता… काशीच्या न्हाल्या केसांचा.

गोदावरी संतापली. चावी उचलून तिने कमरेचा पेच गच्च आवळला, आणखी आवळला. मागच्या अंगणातून किंकाळी आली. विहिरीपाशी काशी पोट धरून कोसळली होती, ओठ काळेनिळे पडले होते. चंद्राबाई ओरडल्या, "अगं, पोरीला श्वास येत नाहीये!"

गोदावरीने पेच उलटा फिरवला. बाहेर काशीने मोठ्याने श्वास घेतला.

चंद्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चावी पाहिली, पुतळा पाहिला, आणि त्यांना सगळं उमगलं.

"जाळून टाक."

"आणि काशी…?"

चंद्राबाईंनी काशीला आणून ओटीवर निजवलं आणि त्या परत आत आल्या.

गोदावरीने माजघराची कडी लावली. पुतळ्याच्या अंगावरचं झंपर तिने ओरबाडून काढलं आणि स्वतःची घामेजलेली चोळी त्याला चढवली. मग टेप आपल्या छातीभोवती, कमरेभोवती धरून ती तेच माप पुतळ्याला देऊ लागली. पेच हलेना. चावीचा दांडा तिच्या तळव्यात रुतला, रक्त आलं. आत कुणीतरी दात आवळून धरावेत तसा पेच अडला होता.

"तिला सोड," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी आहे ना… मला घे."

पेच एकदम सैल झाला. ओटीवरून काशीचा आवाज आला, "आत्या, भूक लागलीय."

आता तो गोदावरीच्या मापाचा होता. चंद्राबाईंनी तिला मागून धरलं आणि गोदावरी पेच उघडत गेली. गावातल्या कुठल्याच बाईच्या अंगाचा राहू नये, इतका तो मोकळा करायचा होता. प्रत्येक फेऱ्यासरशी तिच्या अंगातून काहीतरी उपसलं जात होतं. हातातल्या बांगड्या सुटून जमिनीवर पडल्या. शेवटचा पेच संपला, तेव्हा नणंदेच्या मिठीत नुसती हाडं उरली होती.

ती वाचली, हे सांगून टाकायला हवं. माघात काशीचं लग्नही लागलं. पण गोदावरीच्या अंगावर पुन्हा मूठभर मांस चढलं नाही.

पेच मोकळे केले त्याच दिवशी, जाळायला कुणी धजेना म्हणून, सदाने पुतळा गाडीत घालून खाडीवर नेला. गोदावरी हट्टाने बरोबर गेली. भरतीचं पाणी नुकतंच आत चढू लागलं होतं. सदाने कमरेइतक्या पाण्यात जाऊन पुतळा लोटून दिला आणि धावतच काठावर आला.

तो बुडाला नाही. आडवाही झाला नाही. लाटा आत येत होत्या आणि तो त्यांच्या अंगावर, उभाच्या उभा, पलीकडे निघाला होता.

"वयनी," सदा मागे सरकत म्हणाला, "त्यो वाहत न्हाय… चालतोय."

पलीकडे कोर्लईच्या काठावर बायका खडकांवर वाकून कालवांचे शिंपले काढत होत्या. गोदावरीने हाक मारली, पण ती पलीकडे पोचली नाही.

त्या बायकांतली एक अचानक ताठ उभी राहिली. हातातला कोयता तिने टाकून दिला आणि दोन्ही हातांनी आपली कंबर घट्ट दाबून धरली.