आतून धरणारा

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडा मारतो आणि दुसरा आतून रिव्हेटच्या शेपटाला लोखंडी ठोकळा दाबून धरतो. ठोकळ्यावर ते शेपूट चपटं होतं आणि दोन पत्रे एकमेकांना घट्ट बसतात. आत कोणी नसेल तर बाहेरच्याने दिवसभर हातोडा आपटावा. पत्र्याला खड्डे पडतील, रिव्हेट सैलच राहील. पॉलिटेक्निकमध्ये मी हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. एकोणसत्तर सालच्या उन्हाळ्यात ते मी देवरावच्या अंगणात स्वतःच्या हातांनी केलं.

देवराव मेश्राम इंदोरा वस्तीत राहायचा. एका मँगनीज खाणीच्या साहेबाची जीप तो चालवी आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात लोकांच्या गाड्या दुरुस्त करी. माझी जुनी मोटारसायकल रस्त्यावर कमी आणि त्याच्या अंगणात जास्त असायची, त्यातून आमची दोस्ती झाली. त्याच्या साहेबाने विलायतेहून एक राहायची गाडी मागवली होती. जीपच्या मागे जोडायची, जंगलात हवी तिथे उभी करायची आणि आत झोपायचं. चाकं, चासी, ॲल्युमिनियमच्या भिंती, छप्पर, दोन बाकं, घडीचं टेबल, सगळं सुटं, नंबर घातलेलं, जोडून घ्यायचं. पेट्या आल्या तोवर साहेबच मायदेशी निघून गेला होता. गोदाम रिकामं करायची वेळ आली तेव्हा देवरावने त्या पेट्या मागितल्या आणि त्याला त्या मिळाल्या.

"प्रेमिलासाठी पाहिजे मले," तो म्हणाला. "तिले इथं श्वास नाई घेता येत."

प्रेमिलावहिनी लग्नाआधीपासून गिरणीत सूतकताईच्या खात्यात होत्या. कापसाची धूळ छातीत बसली होती. उन्हाळ्यात त्या रात्र-रात्र भिंतीला टेकून बसून काढत. डॉक्टरांनी स्वच्छ हवेत न्या असं सांगितलं होतं. पारशिवनीकडे त्यांच्या माहेरची थोडी आमराई होती, विहीर होती, पण घर भावांचं आणि त्यात जागा नव्हती. गाडी आमराईत उभी करायची आणि दोघांनी वर्षाचे सहा-आठ महिने तिथे राहायचं, असं देवरावने ठरवलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मागे अडकून राहावं असं काही नव्हतं.

होळी झाल्यावर एका रविवारी आम्ही पेट्या फोडल्या. खिळे मी स्वतः काढले. आत तेलकट कागद, लाकडाचा भुसा आणि कोऱ्या धातूचा वास. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला अनेकांनी विचारलं की त्या गाडीत आधी कोणी मेलं होतं का. त्या गाडीत आधी कोणी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. आम्ही जोडेपर्यंत तिला 'आत' असं काही नव्हतंच.

काम मजेत सुरू झालं. चासीवर फळ्यांची जमीन बसली, तिच्यावर दोन लांब भिंती उभ्या राहिल्या, मग छप्पर. गाडी थंड देशातल्या माणसांसाठी बनवलेली, खिडक्या एवढ्याशा. आम्ही एक भिंत कापून मोठी जाळी बसवली, तिच्यावर वाळ्याच्या ताट्या अडकवायला चौकट केली. एक बाक रुंद केलं आणि त्याला कलती पाठ लावली, वहिनींना टेकून झोपता यावं म्हणून. वहिनी ओसरीवर बसून बघत. दम लागला की पदर तोंडाला लावत. एकदा म्हणाल्या, "भाऊजी, घर त चांगलं करून राहिले तुम्ही. पण याले पाया नाई."

"पाया नाई म्हणूनच त चालते वं," देवराव हसला.

मागची भिंत शेवटी लावली. तिच्या कडेने रिव्हेटची लांब ओळ होती. मी बाहेर हातोडा घेऊन, देवराव आत ठोकळा घेऊन. दार पलीकडच्या अंगाला. पत्र्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून आम्ही खूण ठरवली होती. आतून एकदा टक केलं तर ठोकळा लागला, मार. दोनदा केलं तर थांब.

एप्रिलातली दुपार होती. अंगणातल्या कडुनिंबाची सावली खोडापाशी गोळा झाली होती. हातोड्याचा दांडा ओल्या फडक्यात गुंडाळून धरावा लागत होता. मी रिव्हेट भोकात घाली, आतून टक व्हायचं, मी मारायचो. पुन्हा टक. कामाला एक लय आली होती. मध्ये एकदा माझा हात जरा वाकडा पडला तेव्हा आतून दोनदा वाजलं. मी रिव्हेट सरळ केली. मग टक. देवराव आज फारच मन लावून धरतोय असं मला वाटलं. प्रत्येक घाव घट्ट, भरीव लागत होता.

एक अख्खी उभी कड संपवून मी घाम पुसला, आणि फाटक वाजलं. देवराव सायकल ढकलत आत येत होता. हँडलला रिव्हेटची पिशवी लटकलेली.

"संपत आल्या होत्या न," तो म्हणाला. "तुले सांगून त गेलो होतो, मास्तर. कामठी रोडपर्यंत जाऊन आलो."

मी गाडीला वळसा घालून दार उघडलं. आत कोणी नव्हतं. भट्टीसारखी गरम हवा तोंडावर आली. ठोकळा जमिनीवर मागच्या भिंतीपाशी नीट ठेवलेला होता. मी तो उचलला. विहिरीतून काढावा तसा तो गार होता. भिंतीच्या आतल्या अंगाला रिव्हेटची शेपटं एकसारखी चपटी झाली होती, देवरावने कधी केली नव्हती इतकी सुबक.

मी वहिनींना विचारलं. त्या ओसरीवरून हलल्या नव्हत्या. दाराकडे कोणी गेलं नव्हतं.

मी शिकवणारा माणूस. मी लगेच दार उघडं टाकून, आत कोणी नाही हे बघून एक रिव्हेट मारून पाहिली. पत्रा दबला, रिव्हेट सैल राहिली. मी भिंतीमागची चौकट तपासली, गाडीखाली आडवा होऊन पाहिलं. देवराव हे सगळं शांतपणे बघत होता. मग त्याने दार लावलं, माझ्या हातातून हातोडा घेतला, नवी रिव्हेट भोकात घातली आणि बोटाच्या पेराने पत्र्यावर हळूच वाजवलं.

आतून उत्तर आलं. टक.

त्याने एकच घाव घातला. रिव्हेट पक्की बसली.

"कामाचा गडी हाय," देवराव म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हेच मला आवडलं नाही.

वहिनी उठून अंगणात आल्या होत्या. "बंद करा हे," त्या म्हणाल्या. "मले नाई जायचं कुठं. मी इथंच बरी हाय."

"बरी हाय म्हणते, अन् रातभर बसून राहते," देवराव म्हणाला. "पावसाच्या आत गाडी उभी झाली पाहिजे. कोण धरते त्याच्याशी मले काय करायचं हाय?"

मी काही दिवस गेलोच नाही. पेपर तपासायचे आहेत असं मी स्वतःला सांगितलं. पण महाल भागातल्या माझ्या खोलीत बसून मला चैन पडेना. देवरावला एकट्याला तिथे सोडलं आहे, आणि तो एकटा नाही, हे मनातून जाईना. शेवटी सायकल काढली.

काम पुष्कळ पुढे गेलं होतं. सगळ्या कडा पूर्ण, छपराची पट्टी पूर्ण. देवराव बाहेरून मारत होता आणि आतून ते येत होतं, टक, टक, न चुकता. त्याने मला बघून मान हलवली, हात थांबवला नाही. मी आत डोकावायचं म्हटलं तर जाळीवर ताट्या अडकवलेल्या होत्या आणि खिडकीच्या काचांवर आतून तेलकट कागद तसाच चिकटलेला होता.

"आतली बाकं बसवली का?" मी विचारलं.

"बाहेरचंच पाहतो मी," तो म्हणाला. "आतलं होऊन राहिलं."

मी दार उघडलं. बाकं बसली होती. टेबल भिंतीला लागलं होतं. कलती पाठ असलेलं वहिनींचं रुंद बाक मात्र आम्ही ठेवलं होतं त्या जाळीजवळ नव्हतं. ते मागच्या भिंतीला, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, पक्कं केलेलं होतं.

"देवराव, हे कोणाच्या झोपायची सोय करून राहिलाय तू?"

त्याने पहिल्यांदा हातोडा खाली ठेवला. बाकाकडे तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता याला कळलं. तो म्हणाला, "पाहूनच घेऊ मंग. मी आत जातो. तू बाहेरून मार."

मी नको म्हणालो. दंड धरला. त्याने हात सोडवून घेतला.

"घर मी बनवून राहिलो, गा. माह्या घरात कोण हाय, मले पाहू नाई देशील?"

ठोकळा घेऊन तो आत गेला. दार त्यानेच लावलं.

मे महिना होता. लू सुटली होती, रस्त्यावर माणूस नव्हतं. वहिनी आत निजल्या होत्या. त्यांच्या खोकल्याचा आवाज मधून मधून येत होता. मी मागच्या भिंतीशी उभा राहिलो. एक रिव्हेट घातली.

टक.

ते माझ्या समोर, रिव्हेटच्या जागी वाजलं. देवराव असणार. मी हातोडा उचलला.

टक. हे भिंतीच्या दुसऱ्या टोकाला होतं. आणि पहिलं अजून थांबलं नव्हतं.

दोन्ही एकदम वाजत होती.

मी मारलं नाही. मी हाक मारली. "देवराव!"

दोन्ही आवाज थांबले. मग दोनदा वाजलं. थांब.

मी थांबलो. का थांबलो, सांगता येत नाही. खूण आमचीच होती.

मग आतून देवरावचा आवाज आला. अगदी शांत, कोणाशी तरी हळू बोलावं तसा. तो माझ्याशी बोलत नव्हता.

"सरकतो," तो म्हणत होता. "सरकतो न."

मी धावत वळसा घालून दारापाशी गेलो. दार फुगल्यासारखं घट्ट बसलं होतं. खांदा लावला तेव्हा उघडलं.

देवराव त्या रुंद बाकाच्या अगदी कडेला बसला होता. अर्ध्याहून जास्त अंग बाहेर, पाय जमिनीवर रोवून, पडू नये म्हणून. ठोकळा त्याच्या मांडीवर होता. बाकी बाक रिकामं होतं.

मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं. त्याचा हात गार होता. रांजणातलं पाणी त्याने तांब्यावर तांब्या प्यायलं.

"काय झालं?"

"काई नाई, मास्तर."

"कोणी होतं?"

त्याने तांब्या पालथा ठेवला. "खोलून टाक गाडी," एवढंच म्हणाला.

ती गाडी मी खोलली. मृगाच्या आत, भर दिवसा, शेजारच्या दोन माणसांना मदतीला घेऊन. रिव्हेट ड्रिलने उडवल्या, भिंती उतरवल्या, छप्पर काढलं. देवराव अंगणात आला नाही. भिंती नुसत्या भिंती होत्या, हलक्या, कोऱ्या. त्यांच्यात काही नव्हतं. उघड्या चासीवर ऊन पडलं तेव्हा मला खूप सुटल्यासारखं वाटलं. घरी जाऊन मी गाढ झोपलो.

त्यानंतर देवरावने कुठल्याच कामाला हात लावला नाही. त्याला ताप नव्हता, दुखणं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, टॉनिक दिलं. तो दिवसेंदिवस वाळत गेला. मी जाई तेव्हा खाटेच्या कडेला बसलेला असे. कमी बोले. एकदा मात्र मला जवळ बोलावून म्हणाला, "तिले माहेरी पाठव, गा. आत्ताच पाठव." वहिनी ऐकायला तयार नव्हत्या. आजारी नवऱ्याला सोडून कशा जातील? मीही जोर केला नाही.

आषाढात एका सकाळी तो गेला. खाटेवरून खाली पडलेला सापडला. त्याला खांदा दिला तेव्हा तो लहान मुलासारखा हलका लागला.

आठवड्याने मी वहिनींना भेटायला गेलो. पाऊस उघडला होता, घरात स्वच्छ उजेड होता. वहिनींचा दम बराच कमी झालेला दिसला, आणि मला त्याचं बरं वाटलं. त्यांच्या भावाशी बोलून ठेवलं आहे, आमराईत एक खोली बांधून देतो म्हणतो, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या देवरावच्याच खाटेवर बसल्या होत्या, पार कडेला, पाय जमिनीवर रोवून.

"वहिनी, नीट बसा न मागं सरकून," मी म्हणालो. "पडाल अशानं."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "जागा कुठं हाय, भाऊजी?"

मी खाटेकडे पाहिलं. वहिनींच्या मागे खाट रिकामी होती. नवार मधोमध खोल खचली होती, आणि मी बघत असताना ती हळूहळू, कोणीतरी कूस बदलावी तशी, वहिनींच्या बाजूला आणखी खाली गेली.