वर एक, खाली एक

गल्फ सोडून कायमचा घरी निघालेला माणूस शेवटचा आठवडा खोकी बांधण्यात घालवतो. वासुदेवचंही तसंच चाललं होतं. अल कूजच्या कामगार कॅम्पमध्ये त्याच्या खाटेखाली दोन खोकी दोरीनं आवळून तयार होती. टँगचे डबे, बदाम, बायकोसाठी जाड ब्लँकेट आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायला साबणाच्या वड्या, असा सगळा संसार त्यात कोंबला होता. पन्नाशीला टेकलेला हा संगमेश्वरचा गडी वीस वर्षं दुबईत परांच्या बांधत आला होता. इमारत उभी राहिली की परांची उतरवायची आणि पुढच्या इमारतीकडे जायचं. आपण बांधलेलं काही मागे उरत नाही, असं तो हसत हसत सांगायचा. एकच गोष्ट उरली होती. तिच्यासाठीच त्यानं शुक्रवारी पहाटे हारुनला पिकअप घेऊन बोलावलं होतं.

हारुन खेडचा, कंपनीचा ड्रायव्हर. तोंडानं फटकळ, पण कुणाच्या कामाला नाही म्हटल्याचं कधी ऐकलं नाही.

"लोक जाताना सोनं नेतात," हट्टा गावाच्या डोंगराळ रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला. "तू गंजके पाइप न्यायला निघालायस. घरी सांगू नकोस, वहिनी दारातूनच परत पाठवेल."

वासुदेव हसला, पण थोडंच. मांडीवर त्यानं पाना धरला होता आणि अंगठ्यानं तो उगाच चोळत होता.

गोष्ट दहा वर्षांपूर्वीची होती. एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात कंपनीच्या मोठ्या साहेबांकडे परदेशातून एक पाहुणा आला होता. त्याला शिकारीचा भारी शौक. शिकारीला तेव्हाही बंदीच होती, पण बंदी आपल्यासाठी नसते असं वाटणारी माणसं सगळ्याच देशांत असतात. डोंगरातल्या एका वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, बारा महिने पाणी धरणारा एक डोह होता. संध्याकाळी हरणं तिथं पाण्यावर येत. त्या डोहाच्या काठावर, दोन पुरुष उंचीचं, बसायला फळी असलेलं लोखंडी माचाण बांधायचा हुकूम आला. वासुदेव आणि त्याच्याच गावचा तुकाराम, दोघांनी मिळून दुपारपर्यंत ते उभं केलं.

"उद्या सकाळी येऊन सोडू," वासुदेव म्हणाला होता.

फोरमन शैलेंद्रनं वेड्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. "सोडायचं कशाला? राहू दे पक्कं. पुढच्या वर्षी परत लागेल. सरकारी जागा आहे, हबीबी, कोण विचारतंय?"

वासुदेवच्या गावी पारधीला जाणारे लोकही माचाण बांधत, पण वेलींनी. उजाडलं की ते सोडून टाकत, मग शिकार मिळो न मिळो. रान सगळ्यांचं, आपली बसायची जागा एका रात्रीपुरती. वडील म्हणायचे, जनावराला एक रात्र फसवलं ते पोटासाठी, त्याच्या पाण्यावर रोज फसवत बसायला आपण कोण? हे सगळं फोरमनला हिंदीत कसं सांगणार? वासुदेव दुसऱ्या साइटवर निघून गेला. पाहुण्याला वर चढ-उतर करायला मदत लागेल म्हणून तुकाराम मागे राहिला.

त्या संध्याकाळी वरच्या डोंगरात पाऊस झाला. वादीत थेंबही पडला नाही, नुसता पाण्याचा लोंढा आला. माचाण तसंच उभं राहिलं. तुकाराम दुसऱ्या दिवशी बराच खाली, दगडांत अडकलेला सापडला. पाहुणा म्हणे आधीच निघून गेला होता. पण त्याला परत पाहिल्याचं कुणी म्हणालं नाही. कुठं गेला, कधी गेला, हे वासुदेवला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची त्याची पायरी नव्हती.

लोक हळहळले. काठ चार पावलांवर होता, हा पळाला कसा नाही? वासुदेवला मात्र हा प्रश्न पडला नाही. परांचीच्या कामात एक वर असतो, एक खाली. वरचा पाइप सोडवून खाली देतो, खालचा झेलतो. वरचा माणूस जमिनीला लागल्याशिवाय खालच्यानं जागेवरून हलायचं नाही, हे ते दोघे एकाच मुकादमाकडून मार खात शिकले होते.

दहा वर्षांत त्यानं वादीची वाट धरली नव्हती. पण गेल्या महिन्यात आपण कायमचे येतोय हे सांगायला त्यानं गावी फोन केला, तेव्हा तुकारामची बायको गिरिजा मुद्दाम फोनवर आली.

"भावोजी, ते अजून स्वप्नात येतात. उभे असतात. मान वर करून बघत असतात कुठंतरी. हाक मारली तरी माझ्याकडे बघत नाहीत." मग ती म्हणाली, "तुम्ही आता येणार. मग तिकडे त्यांचं आपलं असं कोण उरलं? येताना त्यांना घेऊन या."

माणूस जाऊन दहा वर्षं झालेली. घेऊन कसा येणार? पण वासुदेव "आणतो" म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याला एकाएकी कळलं की तुकाराम त्या न सोडलेल्या माचाणापाशीच अडकला असणार. ते सोडल्याशिवाय आपण गिरिजावहिनीच्या दारात उभं राहायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

वादीच्या तोंडाशी पोचले तेव्हा उजाडायला आलं होतं, पण दिसत काही नव्हतं. हिवाळ्यातलं दाट धुकं डोंगरातून उतरून पात्रात भरलं होतं. ओल्या दगडांचा आणि शेळ्यांचा वास येत होता. तिथं झोपडी टाकून राहणाऱ्या जहूर नावाच्या बलुची शेळीवाल्यानं त्यांना काळा चहा दिला. कुठं चाललात ते ऐकल्यावर त्यानं किटली खाली ठेवली.

"उधर मेरी बकरी भी नहीं जाती," तो म्हणाला. "लोग आते हैं बंदूक लेके, ऊपर बैठते हैं. किसी को कुछ नहीं मिलता. हिरन पानी पे आया, के पाइप बजता है... टक टक. हिरन भाग जाता है."

"कौन बजाता है?" हारुननं विचारलं.

जहूरनं खांदे उडवले. "नीचे से बजता है."

वासुदेवचा चहा तोंडातच राहिला. वरच्यानं दिलेला पाइप नीट हातात आला की खालचा पान्यानं टकटक करतो. म्हणजे, घेतला, सोड आता. तुकारामची तर खास खूण होती. दोन ठोके लागोपाठ, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा एक हलकासा.

माचाण धुक्यात अचानक समोर आलं. गंजलेलं, पण जसंच्या तसं. पायाशी कुणीकुणी टाकलेल्या बाटल्या आणि काडतुसांची टरफलं पडली होती. एकानं बांधून ठेवलं, मग येईल तो बसत गेला. शेजारी डोहाचं पाणी काळंभोर आणि अगदी निश्चल होतं.

"पिकअप इथवर आणतो," हारुन म्हणाला. "एवढं लोखंड काय डोक्यावर नेणार? तू वर चढ, यल्ला, लवकर. मी आलोच खाली."

तो धुक्यात गेला. वासुदेव वर चढला. पाइप दवानं भिजून गारठले होते, हात बधिर होत होते. वर पोचून त्यानं बसायच्या फळीवर तळवा टेकला आणि झटक्यात मागे घेतला.

फळी कोरडी होती. आणि कोमट. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

ऊन लागलं असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. सूर्य अजून उगवायचा होता. त्यानं फळीकडे पाठ केली, कठड्याचा क्लॅम्प सैल केला आणि पाइप एका टोकाला धरून खाली लोंबवला. गुडघ्याखाली सगळं पांढरं होतं.

"हारुन... आहेस ना? घे."

पाइपचं वजन खालून कुणीतरी उचललं. टक टक. वासुदेवनं पाइप सोडला.

त्यानं दुसरा दिला. टक टक.

आणि मग, थोड्या वेळानं, एक हलकासा... टक.

वासुदेवच्या मानेवर काटा आला. खाली वाकून बघावंसं वाटलं, आणि बघू नये असंही तितकंच वाटलं. तेवढ्यात खूप दूर, वादीच्या तोंडाकडे, पिकअपचं इंजिन घरघरलं आणि हारुनची शिवी धुक्यातून ऐकू आली. गाडी खडीत रुतली होती.

म्हणजे हारुन तिकडे होता.

पळून जायचं म्हटलं तरी खालीच उतरावं लागणार होतं. पण भीती जितकी वर आली तितकीच तिच्या मागून मायाही दाटून आली. वीस वर्षांत इतके जोडीदार झाले, पण पाइपला हिसका बसू न देता असं अलगद घेणारा एकच होता. वासुदेवनं पुढचा क्लॅम्प सोडवला आणि खाली न बघता, हळू आवाजात बोलायला लागला.

"थंडी वाजत नाही ना रे तुका?"

खालून पाइप अलगद घेतला गेला.

"तुझी पोर समिधा नर्सिंगला आहे. रत्नागिरीत. तुझ्यासारखीच, हसताना तोंडावर हात धरते... गिरिजावहिनीनं घरावर नवी कौलं घातली. बाई खमकी आहे. रडत बसली नाही."

टक टक... टक.

"मी चाललोय रे आता. खलास. तूही चल." त्यानं आणखी एक पाइप खाली दिला. "दहा वर्षं आलो नाही, माफ कर बाबा."

मग एक ठोका आला. फार हलका. पाठीवर हात ठेवावा तसा.

एकेक करत वरचं सगळं उतरलं. ती कोमट फळीही त्यानं खाली दिली. ती मात्र खालच्यानं जरा वेळ घेऊन धरली, आणि तिच्यानंतर ठोका आलाच नाही. वासुदेव उरलेल्या पाइपांवर पाय देत जमिनीवर उतरला. तिथं कुणी नव्हतं. पाइप लांबीप्रमाणे रचून ठेवले होते, आणि क्लॅम्प ओळीनं पालथे. आत वाळू जाऊ नये म्हणून ते पालथे ठेवायची खोड तुकारामची. ओल्या वाळूत वासुदेवच्या पावलांखेरीज दुसरं पाऊल नव्हतं.

हारुन घामाघूम होऊन आला तेव्हा वासुदेव पाइपांच्या ढिगाशेजारी बसून डोळे पुसत होता. हारुननं ढिगाकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं, आणि बाह्या मागे सारल्या. दोघांनी मिळून खालचे उरलेले पाइप सोडवले आणि सगळं पिकअपमध्ये भरलं. बाटल्या आणि टरफलंसुद्धा गोळा केली.

निघायच्या वेळी धुकं विरळ झालं. पलीकडच्या दगडांतून एक हरीण उतरलं. कोवळं, पाय काड्यांसारखे. ते थबकत थबकत डोहाशी आलं आणि त्यानं मान खाली घातली. हारुननं श्वास रोखून वासुदेवचा दंड धरला. वासुदेवला भरून आलं. इतक्या वर्षांनी ते पाणी ज्याचं त्याला परत मिळालं होतं.

हरणानं एकदम मान वर केली.

त्यानं या दोघांकडे पाहिलं नाही, पिकअपकडेही नाही. माचाण होतं त्या रिकाम्या जागी, दोन पुरुष उंचीवर, बरोबर जिथं बसायची फळी होती तिथं ते बघत राहिलं. त्याचे कान ताठ झाले. अंगावरची कातडी थरथरली, पण पाय जागचे हलेनात.

वासुदेव ठोक्याची वाट पाहत होता. ठोका आला नाही.

आता ठोकायला तिथं कुणी नव्हतं. हे लक्षात येताच त्यानं पाना उचलला आणि पिकअपमधल्या पाइपवर जोरानं आपटला. टक टक! हरीण उसळलं आणि दगडांत दिसेनासं झालं.

"अरे, हाकललंस कशाला?" हारुन कळवळून म्हणाला. "बिचारं प्यायला आलेलं."

वासुदेव "चल," एवढंच म्हणाला, आणि वादी संपेपर्यंत त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी कॅम्पबाहेरच्या बूथवरून त्यानं कार्ड घालून गावी फोन लावला. त्यानं काही सांगायच्या आधीच गिरिजा बोलायला लागली. तिच्या आवाजात लग्नघरातल्यासारखी घाई होती.

"भावोजी, आज सकाळी चुलीपाशी जरा डोळा लागला, तर आले होते. दारात पाय धुतले, आत आले. माझ्याकडे बघितलं हो! दहा वर्षांनी बघितलं. समिधाचा फोटो हातात घेऊन बसले. चहा मागितला, साखर जास्त, नेहमीसारखी. खांदे दुखतायत म्हणाले, लोखंड उतरवलं म्हणे."

वासुदेवनं काचेला कपाळ टेकवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्याला नव्हतं. "म्हणजे आला तो," तो म्हणाला. "घरी आला."

"आले. पण राहिले नाहीत." गिरिजाचा आवाज हळू झाला. "चहा संपवला नि उठले. मी म्हटलं, आता कुठं निघालात? तर म्हणाले, जायला पाहिजे... वरचा अजून उतरलेला नाही."

तारेत खरखर झाली.

"भावोजी," ती म्हणाली, "वर कोण होतं हो?"